शेपू कुणाकडे नीट आलाय का?

ए-१०४ : नमस्कार मंडळी, गच्चीत शेपू लावला होता तो दुसऱ्यांदा गेला. ट्रेमध्ये रोपं मस्त बोटभर झाली, परवा मोठ्या कुंडीत लावली नि आज सकाळी बघते तर सगळ्यांनी माना टाकल्यात. खत घरचंच, औषधाचा थेंब नाही. खूप वाईट वाटतंय, डिसेंबर अखेरीला लेक बाळंतपणाला येत्येय, तिला घरचाच शेपू करून घालायचा होता.

बी-३०२ : अगो, शेपू उपटून लावायचा नसतोच! गाजर-कोथिंबिरीचा भाऊबंद तो, एकच सोटमूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की रोप गेलंच म्हणून समज. जिथे वाढवायचाय तिथेच बी टाक, कुंडी निदान वीतभर खोल हवी. आपली जांभ्याची लाल माती नुसती घेऊ नकोस, पाणी घातलं की वर पापडी धरते, मग कोंब वर येत नाही. निम्मी माती, निम्मं चाळलेलं शेणखत नि नारळाच्या सोडणाचा भुसा, तळाला दोन-चार खापऱ्या. बी फेकून वरून फक्त भुरभुर माती, पाणी झारीने. आठ-दहा दिवसांत दोऱ्यासारखी पानं दिसतील, ती दाट आली की मधली मधली कात्रीने कापून आमटीत टाक, उपटू नकोस, शेजारच्याचं मूळ हलतं.

सी-२०१ : काकू पावसात चालेल का हो, मी जुलैत पेरला तो कुजला.

बी-३०२ : पावसात नको रे, आपल्याकडचा पाऊस त्याला झेपत नाही. दसरा झाला, जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखल जाऊन बेताची ओल राहिली, की पेरायचा ते जानेवारीपर्यंत, दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा. फेब्रुवारीत ऊन चढलं की लगेच फुलावर येतो.

ए-४०३ : आमच्याकडे फुलांवर मावा आलाय, निंबोळी तेल मारू का?

बी-३०२ : आधी ढालकिडे आहेत का बघ, ते लाल पाठीवर काळे ठिपकेवाले. असतील तर काही मारू नकोस, ते मावा खातात. नुसत्या पाण्याचा फवारा दे. आणि दोन झाडं बियांसाठी ठेवच, तोच आपला बाळंतशोपा.

ए-१०४ : काकू मग आज पेरला तर लेकीपर्यंत होईल?

बी-३०२ : दीड महिना धर, होतोय की. संध्याकाळी वाटी घेऊन ये, गेल्या वर्षीचं घरचं बी आहे माझ्याकडे, भिजत घालून ठेवत्ये.