रात्रीची गस्त नक्की ठरते कशी?

निशाचर: सोसायटीत वाद चालूये. काका म्हणतात पोलिसांची गाडी रोज ठरल्या वेळी यावी, लोकांना धीर येतो. मला वाटतं मग चोरालाही वेळ कळणार ना! कोणाला माहितीये का हे कसं ठरवतात?

जुना खाकीवाला: तुझं बरोबरे. ठाण्याची हद्द बीटमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या भागांत, वाटलेली असते, घरफोडी, चेन स्नॅचिंग कुठल्या गल्लीत कुठल्या वेळी झाली ते बघून पॉइंट, म्हणजे गस्तीच्या नेमक्या जागा, काढतात आणि बीट मार्शल, म्हणजे त्या भागात गस्त घालणारे पोलीस, तिथे बाईकवर जातात, बऱ्याच ठिकाणी आता क्यूआर कोड लावलेत, तो स्कॅन केला की कोण कधी आलं त्याची नोंद होते. वेळ मात्र बदलती हवीच, रोज तीच ठेवली तर गस्तीत काही दम राहत नाही.

आकडेमोड: नुसत्या गाड्या वाढवूनही भागत नाही बरं का. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये प्रयोगासाठी १५ बीट घेतले, ५ मध्ये नेहमीची गस्त बंद, फक्त कॉल आला तरच जायचं, ५ मध्ये नेहमीसारखी आणि ५ मध्ये दुप्पट-तिप्पट. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरकच पडला नाही!

निशाचर: बापरे, मग गस्त घालून उपयोग काय?

आकडेमोड: उपयोग आहे, पण नेमक्या जागी. नंतर अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात गुन्हे जास्त होणाऱ्या ठराविक कोपऱ्यांवरच गस्त वाढवली, तिथे फरक दिसला. एका जागी साधारण १०-१५ मिनिटं थांबून पुढे जाणं सगळ्यात चांगलं, असंही त्यातून निघालं.

जुना खाकीवाला: काकांना सांग, बीट अंमलदाराला, म्हणजे तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, भेटा आणि अंधाऱ्या जागा दाखवा. तिथे पॉइंट मागता येतो.