बंद पडलेला व्हिडिओ गेम उघडताना: अनुभव धागा

धागालेखक

माळ्यावरचा 'मीडिया' किंवा 'समुराई', जुन्या बाजारात वजनावर मिळालेला प्लेस्टेशन, अमेरिकेहून कुणीतरी बॅगेत घालून आणलेला निन्टेन्डो. असले कन्सोल उघडून ज्यांनी चालू केलेत त्यांच्यासाठी हा धागा आहे. लहानपणीच्या आठवणींसाठी दुसरे धागे पुष्कळ आहेत. इथे बिघाड, मोजमाप, लागलेला सुटा भाग आणि कारण एवढंच लिहा. 'जरा हलवून बघा, होतं' असले प्रतिसाद नकोत.

पाच व्होल्ट

सुरुवात नेहमी अडॅप्टरपासून करावी. चिप जाते फार क्वचित, वीजपुरवठा मात्र हमखास जातो.

आपल्याकडच्या क्लोनचा (फॅमिकॉमची नक्कल असलेल्या कन्सोलचा) जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर ९ व्होल्टचा म्हणून विकला जायचा. लोड नसताना मल्टिमीटरवर तो १२-१३ व्होल्ट दाखवतो. घाबरू नका, तो तसाच असतो. त्यानंतर पोलॅरिटी (धन-ऋण कुठे ते) बघा. मूळ जपानी फॅमिकॉमला (निन्टेन्डोचा जपानी कन्सोल) १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिॲम्पिअर लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण असतं. क्लोनमध्ये बहुधा तसंच असतं, पण सगळ्यांत नाही. म्हणून जॅकचा कुठला पाय बोर्डाच्या ग्राउंडला जातो ते मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (जोडणी सलग आहे का ते दाखवणारी सेटिंग) तपासल्याशिवाय काहीही जोडू नये.

आत हीटसिंकला लावलेला तीन पायांचा ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) सापडेल. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. इनपुटला किमान ७ व्होल्ट हवेत, आउटपुटला ४.७५ ते ५.२५. यातून निदान असं निघतं:

इनपुट आहे पण आउटपुट शून्य. वीज काढून आउटपुट आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा. दोन-चार ओहम आला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, नवा ७८०५ लावून तोही तापेल. शॉर्ट नसेल तर ७८०५ बदला.

आउटपुट आहे, पण गेम चालू होताच खाली बसतो, किंवा चित्रात आडवे जाड पट्टे हळूहळू वर सरकतात. फिल्टरचा कंडेन्सर (कपॅसिटर) वाळलाय. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा लावा. अंगावरची पट्टी ऋण बाजूची. किंमत वडापावाइतकीसुद्धा नसते.

७८०५ इतका का तापतो तेही सांगतो. इनपुट १२ व्होल्ट आणि करंट ३५० मिलिॲम्पिअर धरला तर उरलेले ७ व्होल्ट तो उष्णतेत घालवतो, म्हणजे जवळजवळ अडीच वॅट. ९ व्होल्टचा रेग्युलेटेड अडॅप्टर लावला की तेच १.४ वॅटवर येतं. एवढा एक बदल केला तरी कन्सोलचं आयुष्य वाढतं.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: अमेरिकन किंवा युरोपियन एनईएसचा (फॅमिकॉमची परदेशी आवृत्ती) अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, कारण त्या कन्सोलमध्ये रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आत बसवलेला आहे. तोच अडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर कंडेन्सर आणि रेग्युलेटर जाणार.

फुंकर बंद

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. ओलसर श्वासाने संपर्क क्षणभर सुधारतो आणि पुढे गंज चढतो. खरं तर कॅसेट काढून पुन्हा घातल्यानेच काम झालेलं असतं, श्रेय फुंकरीला जातं.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पिनांच्या दिशेने उभं पुसणं. काडी काळी यायची थांबेपर्यंत. मग दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर वापरायचाच तर पेन्सिलचा, तोही एकदाच. शाईचा खरखरीत रबर सोन्याचा मुलामा खातो. क्लोनचा स्लॉट ६० पिनांचा असतो. पिना सैल झाल्या असतील तर बारीक सुईने एकेक जराशी आत ओढायची. दोन शेजारच्या पिना एकमेकींना चिकटल्या तर मात्र नवं दुखणं.

समोरून कॅसेट घेणाऱ्या एनईएसची गोष्ट वेगळी. पॉवरचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो तो लॉकआउट चिपमुळे (परवाना नसलेल्या कॅसेट अडवणारी चिप). ७२ पिनांच्या कनेक्टरचा संपर्क नीट नसला की ती चिप कन्सोल सतत रीसेट करते. कनेक्टर काढून पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, परत बसवा. बाजारातले नवे कनेक्टर कॅसेट इतकी घट्ट पकडतात की काढताना भीती वाटते, म्हणून मूळचाच वाचवलेला बरा. लॉकआउट चिपचा ४ नंबरचा पाय उचलून ग्राउंडला जोडला की लुकलुक कायमची थांबते.

काळा ठिपका

क्लोन उघडल्यावर चिपऐवजी एपॉक्सीचा काळा गोल ठिपका दिसला तर एक मर्यादा ओळखा. वीज ठीक, संपर्क ठीक, क्रिस्टल (चिपला ठोके देणारा भाग) ठीक आणि तरी पडदा कोरा, तर ठिपक्याखालची चिप गेली. ती बदलता येत नाही. बोर्ड सुट्या भागांसाठी ठेवून द्या. '९९९९ इन १' कॅसेटलाही हाच न्याय. (त्यात वेगळे गेम मोजकेच असतात, बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू होतात.)

रिमोटचं मात्र सगळं दुरुस्त होतं. वायरीत पाचच तारा: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, लॅच, डेटा. तुटते ती जवळजवळ नेहमी प्लगपाशी किंवा रिमोटच्या तोंडाशी. तिथून पाचेक सेंटिमीटर कापून पुन्हा सोल्डर करा, पण तारांच्या रंगांवर विसंबू नका, प्रत्येक क्लोनमध्ये ते वेगळे असतात. जुन्या वायरीचा नकाशा आधी कागदावर काढून ठेवा. एकच बटण मेलं असेल तर रबराखालचा कार्बन झिजलाय. सगळीच मेली असतील तर वायर किंवा चिप. मूळ निन्टेन्डोच्या रिमोटमध्ये ४०२१ हा साधा शिफ्ट रजिस्टर असतो, अजूनही सहज मिळतो.

ट्रॅक ०१

पहिल्या प्लेस्टेशनबद्दल. सुरुवातीच्या १००० मालिकेत लेझरची गाडी प्लॅस्टिकवर घासत सरकते आणि शेजारी पॉवर सप्लायची धग. प्लॅस्टिक झिजलं की लेझर किंचित कलतो आणि व्हिडिओ अडखळतात. कन्सोल उलटा किंवा उभा ठेवून चालवण्याची युक्ती त्यातूनच आली. पुढच्या मॉडेलांत लेझरची जागा हलवली गेली.

क्रम असा ठेवा: लेन्स अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, जुनं वाळलेलं ग्रीस काढा, दांड्याला आणि दातांना प्लॅस्टिकला चालेल असं ग्रीस अगदी थोडं लावा, मग डिस्क चालवून बघा. एवढ्याने भागलं नाही तरच लेझर बदला. ७००० आणि ९००० मालिकेला केएसएम-४४०बीएएम बसतो. नव्या लेझरच्या छोट्या बोर्डावर स्थिर विजेपासून बचावासाठी दोन बिंदू सोल्डरने जोडलेले असतात. तो थेंब काढला नाही तर लेझर पेटतच नाही आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. लेझरवरचा बारीक पॉट (फिरवता येणारा रेझिस्टर) स्क्रू ड्रायव्हरने फिरवून 'पॉवर वाढवणं' म्हणजे उरलेलं आयुष्य एका आठवड्यात उधळणं.

एकशेदहा

परदेशातून आलेल्या कन्सोलसाठी दोन ओळी. जपानी १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० व्होल्टचा. सॅटर्न, ड्रीमकास्ट (दोन्ही सेगाचे), जाडा प्लेस्टेशन २ यांचा पॉवर सप्लाय आतच असतो. फक्त पिन बदलणारं कन्व्हर्टर लावून २३० व्होल्टवर लावले की फ्यूज उडतो, बरोबर बरंच काही जातं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्हीएचा यांतल्या कुठल्याही एकाला पुरतो. आधी मागचं लेबल वाचा.

ड्रीमकास्ट मध्येच रीसेट होत असेल तर पॉवर सप्लायच्या उभ्या पिना काळ्या पडल्यात. बोर्ड उचलून त्या साफ करा, किंचित तिरक्या करा, परत बसवा.

एसव्ही फाइल

सेव्ह जाते ती सेलमुळे. गेम बॉयच्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर२०२५. त्यात घड्याळही चालतं म्हणून लवकर संपतो. रुबी-सफायरमध्ये सीआर१६१६, पण तो फक्त घड्याळासाठी. सेव्ह फ्लॅशमध्ये असते, ती जात नाही. गोल्ड-सिल्व्हरच्या कॅसेटच्या स्क्रूला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (खास स्क्रूचा बिट) लागतो, रुबी-सफायरला तीन पात्यांचा ट्राय-विंग. पत्र्या वेल्ड केलेला सेल घ्या, साध्या सेलवर थेट सोल्डर मारायला जाऊ नका, फुटतो. सेल काढण्याआधी डंपरने (कॅसेट वाचणारं यंत्र) सेव्ह संगणकावर उतरवून घ्या.

ड्रीमकास्टमध्ये एमएल२०३२ असतो, रिचार्ज होणारा. तिथे सीआर लावायचा नाही, त्याला चार्जिंग चालत नाही.

पहिला एक्सबॉक्स हातात आला तर चालू करण्याआधी घड्याळाचा कपॅसिटर बघा, १ फॅरड, २.५ व्होल्टचा. १.० ते १.५ आवृत्त्यांत तो गळतो आणि आजूबाजूचे ट्रॅक खातो. काढून टाका, जागा साफ करा. प्लग काढला की घड्याळ पुसलं जाईल, एवढंच नुकसान.

बावीस नंबरी

जपानी फॅमिकॉमला एव्ही (टीव्हीला तारेने थेट चित्र-आवाज) काढायचं असेल तर: चित्र तयार करणाऱ्या ४० पायांच्या चिपचा २१ नंबरचा पाय कंपोझिट (एकाच तारेवरचं चित्र) देतो. त्याच्यात टीव्हीचा ७५ ओहमचा लोड ओढायची ताकद नसते, म्हणून मध्ये २एसए१०१५ सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर (सिग्नलला ताकद देणारी जोडणी) म्हणून आणि बाहेर पडताना २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. २१ नंबरचा पाय बोर्डापासून उचलून घ्या, नाहीतर चित्रात उभ्या फिकट रेघा दिसतात. आवाज कॅसेट स्लॉटच्या ४६ नंबरच्या पिनवरून घ्या. ४५ वरून घेतला तर गेम चालतो, पण ज्या कॅसेटमध्ये आवाजाची जादा चिप आहे तिचे सूर गायब.

कोकणातला दमट

पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकसाठी ब्यूटी पार्लरच्या सामानात '४० व्हॉल्यूम' डेव्हलपर मिळतं, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हातमोजे आणि चष्मा घालून. आतलं सगळं आणि स्टिकर काढा, सारखा थर द्या, उन्हात ठेवा, दर अर्ध्या तासाने थर पुन्हा सारखा करा. वाळू दिलात तर संगमरवरासारखे डाग पडतात आणि ते जात नाहीत. एप्रिल-मेमधे जरा जास्तच लक्ष ठेवा. पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो, हे माहीत असूनच करा.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी कन्सोल झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवावेत. वायरलेस रिमोटमधले, गेम बॉयमधले पेन्सिल सेल आधी काढून. अल्कलाइन सेल गळलाच तर पांढरं, भुसभुशीत येतं ते अल्कली असतं. व्हिनेगरच्या काडीने फसफस थांबेपर्यंत पुसा, मग अल्कोहोल.

नवखा

फॅमिकॉम एव्हीवर जोडला, आवाज येतो, चित्र येतं पण काळं-पांढरं. चिप गेली का?

बावीस नंबरी

नाही. टीव्ही पाल रंग शोधतोय आणि कन्सोल एनटीएससी पाठवतोय (रंगीत चित्र पाठवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती). टीव्हीच्या मेन्यूत कलर सिस्टिम 'ऑटो' किंवा 'एनटीएससी ३.५८' करा. तो पर्याय नसेल तर टीव्ही बदला, कन्सोलला हात लावू नका.