मदत हवी आहे: रापण एकत्र ओढतात, ठोकळ्यांवरून मात्र मारामारी

नमस्कार ताईंनो. मालवणजवळच्या वाडीत बालवाडी चालवते. तीन ते पाच वर्षांची १७ मुलं, मी आणि मदतनीस काकी.

परवा मुलांनी जुन्या साडीची रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) केली. दोन्ही टोकांना पाच-पाच जण, "होऽऽ" करत अंगणभर ओढत आणली. आतली फणसाची पानं म्हणजे बांगडे. मग वाटे पाडले, न ओढणाऱ्या धाकटीलाही दोन पानं! कुणी शिकवलं नव्हतं, किनाऱ्यावर रोज बघतात.

आणि तीच मुलं अर्ध्या तासाने ठोकळ्यांवरून एकमेकांचे केस ओढतात. चार वर्षांचा एक तर हिसकावतो, नाही मिळालं की चावतो. काकी म्हणते, कोपऱ्यात बसव. मला ते पटत नाही, पण चावलेल्या मुलाच्या आईला काय सांगू?

प्रशिक्षणात शिकलो होतो की या वयात शेजारी बसून आपापलं खेळणं स्वाभाविक आहे. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच खेळाचे असे टप्पे मांडलेत. म्हणून तिनाच्या मुलांना "वाटून घे" म्हणणं मी सोडलं. चार-पाचच्यांचं काय?

वाळूचं घड्याळ लावून पाळी ठरवली, तर सगळे घड्याळासाठीच भांडले. ठोकळे वाढवू, की मुद्दाम दोघांशिवाय होणारच नाही अशी कामं देऊ (पाण्याची बादली दोघांनी उचलणं वगैरे)? आणि चावणाऱ्याला त्या क्षणी नेमकं काय म्हणता? तुमचे शब्द जसेच्या तसे लिहा.