ऑनलाइन धंद्यात गिऱ्हाईक माणूस बघून पैसे देतं की परताव्याची अट बघून?

बांधणीवाला (धागाकर्ता)
हाताने शिवलेल्या वह्या ऑनलाइन विकतो. सुरुवातीपासून सल्ला एकच मिळतोय: 'मी'च्या जागी 'आम्ही' लिही, स्वतःचा नंबर देऊ नकोस, चौकशीला तयार उत्तरं लावून ठेव, म्हणजे धंदा मोठा वाटतो. मी नेमकं उलट करतो. साइटवर माझं नाव आहे, फोटो आहे, आणि उत्तरं मीच देतो. भांडवल, जाहिरात, सवलत यात आपण मोठ्यांना कधीच पुरे पडणार नाही. आपल्याकडे एकच गोष्ट जास्त असते, ती म्हणजे जबाबदारी घेणारा माणूस समोर दिसतो. तीच झाकून ठेवायची?

शाईचं पेन वापरणारे हमखास विचारतात, 'शाई पलीकडे उमटते का?' त्यावर 'उत्तम दर्जाचा कागद' असं लिहून भागत नाही. मी एक पान लिहून, उलटून, पाठीमागचा फोटो पाठवतो. जाड निबने अक्षराला वळण घेताना पेन जिथे रेंगाळतं तिथे बारीक ठिपके झिरपलेले असतात. तेही त्यात दिसतात. ते बघून काही जण घेत नाहीत. जे घेतात ते पुढच्या वहीला प्रश्न न विचारता पैसे पाठवतात.

असहमत असाल तर जरूर लिहा.

रोखठोक
साफ असहमत. नाव, फोटो, गोड बोलणं, 'काही लागलं तर थेट मला सांगा' हे सगळं भामट्याला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं. त्याचं पोटच त्यावर चालतं. एका विक्रेत्याने मला असंच 'ताई, ताई' करत गंडवलं. पैसे मिळेपर्यंत मिनिटात उत्तर, नंतर नुसत्या दोन निळ्या टिका. तेव्हापासून मी विक्रेत्याबद्दलचं पान उघडतच नाही. माल किती दिवसांत परत घेणार आणि पाठवायचा खर्च कोणाचा, एवढंच वाचते.

आकडेमोड
रोखठोक यांच्याशी सहमत, आणि त्याला पुरावाही आहे. ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट १९९५ साली सुरू झाली. अनोळखी माणसं तिथे एकमेकांना पैसे पाठवू लागली ती स्वभाव ओळखून नव्हे. संस्थापक पियरे ओमिड्यार यांनी १९९६ मध्ये व्यवहारानंतर एकमेकांना शेरा द्यायची सोय केली, त्यावर सगळं उभं राहिलं.

पुढे पॉल रेझनिक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवरच एक प्रयोग केला. जुनी पोस्टकार्डं विकणारा एक मुरलेला विक्रेता घेतला. सारख्याच मालाचे काही गठ्ठे त्याने आपल्या जुन्या खात्यावरून विकले, तर काही नव्याने उघडलेल्या कोऱ्या खात्यांवरून. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आला: जुन्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. माणूस तोच, माल तोच. लोकांनी जादा पैसे मोजले ते नोंदीला.

बांधणीवाला
ती नोंद त्या माणसाने वर्षानुवर्षं नीट वागूनच कमावली ना? आणि आता नोंद विकतही मिळते. खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २०२४ मध्ये करावा लागला, तो काय उगाच? पाच तारे बघून मला तर हल्ली आधी शंकाच येते.

नवखा
मधेच विचारतो. साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप असलं की दुकान खरं, असं समजायचं ना?

आकडेमोड
अजिबात नाही. तुमच्या आणि साइटच्या मधे कोणी डोकावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे चोर बसलेला असला तरी जोडणी सुरक्षितच असते. लोक ही गल्लत करतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

खिडकीपाशी
दोन्हीकडचे लोक अर्धंच सांगताहेत. चीनमध्ये तावबाओ या ऑनलाइन बाजाराने अलिपे या पैसे भरायच्या सेवेमार्फत पैसे मधे अडकवून ठेवायची सोय केली. माल हातात पडून गिऱ्हाइकाने होकार दिला की मगच विक्रेत्याला पैसे. झाली रोखठोक यांची व्यवस्था. पण त्याच तावबाओने विक्रेत्याशी थेट बोलायला वांगवांग नावाचं चॅटही दिलं, आणि लोक घेण्याआधी त्यावर घासाघीस करत, मालाबद्दल खोदून विचारत. तावबाओशी स्पर्धा करणाऱ्या ईबेने २००६ च्या अखेरीस चीनमधली आपली साइट गुंडाळली. कारण एकट्या चॅटचं होतं असं म्हणणार नाही, पण पैसे सुरक्षित असतानाही लोकांना बोलायचं होतंच, हे विसरू नका.

दुपारची विक्रेती
धागाकर्त्यांना एकच विचारते. धंदा वाढल्यावर काय करणार? मी मदतनीस ठेवली. ती माझ्या नावाने उत्तरं देते. जुनी गिऱ्हाइकं तिला माझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारतात आणि ती 'छान गेली' सांगते. मला त्यात काही गैर वाटत नाही. शब्द मी दिलेला आहे आणि तो पाळलाही जातो.

बांधणीवाला
मला गैर वाटतं. स्पष्टच बोलतो, राग मानू नका. मदतनीस ठेवा, पण तिला तिच्या नावाने लिहू द्या.

रोखठोक
इथे मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूने. आता तर बॉटला माणसाचं नाव देतात आणि तो 'मी तुमची अडचण समजू शकतो' म्हणतो. कोण समजू शकतं? म्हणूनच म्हणते, माणूसपणाचा देखावा सोडा आणि अटी नीट लिहा.

बांधणीवाला
अटी कुठे सुटतात? माल उशिरा जातो तेव्हा काय होतं ते बघा. सगळीकडून येतं: 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' गेल्या महिन्यात मी पाठवलेला मेसेज असा होता: 'पुठ्ठ्यावर चढवायचं कापड अजून आलेलं नाही. वही गुरुवारी निघेल. थांबायचं नसेल तर सांगा, पैसे आजच परत करतो.' तोही कोणी विचारायच्या आत.

रोखठोक
मेसेज चांगला आहे. पण वजन आहे ते तारखेला आणि शेवटच्या वाक्याला. ते कुठलीही कंपनी लिहू शकते.

बांधणीवाला
लिहू शकते. लिहीत नाही.

दुपारची विक्रेती
हे बरोबर बोललात. मेसेज उचलतेय, आमच्याकडे वापरेन. (मदतनीसच पाठवेल!)

रोखठोक
मग 'पैसे परत' हे साइटवरच का नाही लिहीत? आत्ता जाऊन बघून आले. तुमचा फोटो आहे, हसताय छान, पण परताव्याबद्दल एक ओळ नाही. अर्धी लिहिलेली वही परत घेता का?

बांधणीवाला
कोणी विचारलंच नव्हतं. पहिली तीन-चार पानं लिहिल्यावर शाई पसरली म्हणून आली, तर घेईन. पूर्ण भरलेली आली तर वाचून परत पाठवेन.

रोखठोक
'वाचून' वगळून बाकीचं अटींत टाका. मग एक वही मागवते.