आई-बाबांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचंय. कान्हेरी, सफारी आणि बिबट्याची धास्ती

सानिका_पार्लेकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत. "या खेपेला चौपाटी नको, कान्हेरी दाखव," असं बाबांनी फोनवरच बजावलंय. आईचे गुडघे दुखतात. पायऱ्या चढते, पण थांबत थांबत. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला फक्त बिबट्या बघायचाय, आणि आईला नेमकी त्याचीच धास्ती. कान्हेरी आणि सफारी एका दिवसात होईल का? गाडी आत नेता येते का? मुलगा लेण्यांना कंटाळेल असं वाटतंय, त्याच्यासाठी काय आहे? आणि बिबट्याचं खरं काय? जे नेहमी जातात त्यांनी सांगा प्लीज.

राजू_दहिसर

सोमवार सोडून या, सोमवारी बंद असतं. गाडी घरीच ठेवा, तिकडे पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. गुंदवलीहून मेट्रो पकडा, 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्टेशनच आहे, तिथून गेट जवळ. गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत. बस मिळते, भाड्याने सायकलीही मिळतात, पण तुम्ही आईंसाठी बसच धरा. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते पुरातत्त्व खात्याचं. रविवारी बसला लांब रांग असते. मधल्या वारी सकाळी लवकर आलात तर निवांत होईल.

मृणाल_काजूपाडा

सानिका, मी पार्काच्या भिंतीलगतच राहते. शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा पावसाळ्यात मुलांना कान्हेरीला नेत असे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

सफारी सोडून दे. जाळी लावलेल्या बसमधून कुंपणातले वाघ-सिंह बघायला जो वेळ जाईल तो कान्हेरीला दे. आणि कान्हेरीत मूर्तींइतकंच पाणी बघ.

लोक तीन नंबरच्या चैत्यात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात जातात, बुद्धापुढे फोटो काढतात, वरच्या कठड्यावरून बोरिवलीच्या इमारती मोजतात आणि उतरतात. शंभरावर लेणी आहेत त्या डोंगरात. इसवी सनाच्या आधीच्या शतकात खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजारएक वर्षं तिथे भिक्षू राहत होते. राहत होते म्हणजे बारा महिने पाणी लागत होतं! डोंगरमाथ्यावर नदी नाही, विहीर नाही. पाऊस पडतो तो चार महिने. उरलेल्या आठ महिन्यांची सोय त्यांनी दगडात कोरून ठेवली आहे. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी, बहुतेक एका अंगाला, चौकोनी तोंडाचं टाकं दिसेल. तोंड लहान, आत पोट मोठं, त्यामुळे उन्हाने पाणी कमी आटतं. अशा टाक्यांना तिथल्या शिलालेखांत पोढी म्हटलंय, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी ती दान दिल्याच्या नोंदी आहेत.

आता मुलासाठी. त्याला सांग, टाक्यात पाणी कुठून येतं ते शोधून काढ. लेण्याच्या दर्शनी भागावर नीट बघितलं तर खडकात बोटभर खोल पन्हळ कोरलेली सापडते. वरून उतरणारं पाणी दारावर न पडता त्या पन्हळीतून बाजूला वळतं आणि टाक्यात जातं. तुम्ही सप्टेंबरात जाताय, म्हणजे एखादी सर हमखास येईल. सर आली की आडोशाला उभे राहून त्या पन्हळीवर नजर ठेवा. आधी शेवाळ काळं पडतं, मग कडेकडेने मातकट थेंब जमतात, आणि एकाएकी सगळी रेघ चालू होते. थोड्या वेळाने तेच पाणी नितळ होऊन टाक्यात पडायला लागतं. माझ्या वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरं तिथे गप्प बसून बघायची. धडा वाचून जलसंधारण कळत नाही, ते तिथे कळतं.

आईंचं म्हणशील तर एक, दोन आणि तीन नंबरची लेणी प्रवेशाजवळच आहेत, गुडघ्यांना फार त्रास नाही. तीन नंबरचा चैत्य बघून बाबांना कार्ल्याची आठवण होईल. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. चैत्य मात्र सातवाहनांच्या वेळचा, यज्ञश्री सातकर्णीचं नाव तिथल्या लेखात आहे. बाबा साताऱ्याचे, त्यांना सातवाहन नवे नाहीत! पुढे घळीच्या कडेने वर गेलं की अकरा नंबर. मोठा थोरला मंडप, मधोमध दगडाचे दोन लांबलचक बसके बाक. आईंना तिथे बसू दे. बाबांच्या पायात बळ असेल तर 41 नंबरचा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बघून यावं, वाटेत खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पावसात त्या निसरड्या होतात. नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 साली इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीही लोक हे ठिकाण बघायला येत होते, हे त्या भिंतीपाशी उभं राहिलं की पटतं.

आणखी एक कर, माझा आग्रह आहे. गेटमधून आत आल्यावर दहिसर नदी लागते, तिथे पाच मिनिटं थांबा. ती तुळशी तलावाच्या बाजूने येते. पावसाळ्यात तळाचे गोटे दिसतील इतकं स्वच्छ पाणी असतं. नंतर घरी जाताना राजूभाऊंच्या दहिसरला पुलावर मुलाला उभं करून तीच नदी दाखव. काळी, फेसाळ, तबेल्याच्या शेणाने आणि प्लॅस्टिकने भरलेली. लोक तिला नाला म्हणतात याचा मला फार राग येतो. नाला नाही ती. पार्काच्या हद्दीत ती नदी आहे आणि बाहेर पडल्यावर आपण तिचं असं केलंय. पोईसर नदी याच डोंगरातून निघते, आणि विहार तलाव भरून वाहिला की ते पाणी मिठी नदीला मिळतं. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा. महापालिका आजही दोन्हींचं पाणी उचलते. या शंभरेक चौरस किलोमीटरच्या जंगलाला कुणी 'मोकळी जागा' म्हटलं की मला 26 जुलै 2005 आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्यातलं जे जंगलावर पडलं त्यातलं थोडं तरी मुरलं, सिमेंटवर पडलेलं सगळं आपल्या घरात आलं.

सप्टेंबरात वाटेच्या कडेला तेरडा असेल, झाडांमधे हातभर जाळी विणून बसलेले मोठे कोळी असतील, आणि नशिबाने ओढ्यापाशी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येईल. थेट माणूस शीळ घालतोय असं वाटतं. कारवीची झुडपं उतारांवर सगळीकडे दिसतील. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. 2016 साली इथे फुलली तेव्हाचा जांभळा रंग मी विसरलेले नाही. कासमुळे बाबांना ती लगेच ओळखू येईल.

येऊरवाला

मृणालताई, पाण्याचं अगदी मनातलं लिहिलंत. सफारीबद्दल मात्र मी एवढा कडक नाही. लहान मुलाला वाघ डोळ्यांनी बघायचा असतो, वेळ उरला तर जाऊ द्या त्याला.

आता बिबट्या. माझं घर ठाण्याच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी. आमच्याकडे बिबट्या ही बातमी नसते. सानिकाताई, आईंना सांगा की दिवसा माणसांच्या वर्दळीत तो समोर येत नाही. रात्रीचा प्राणी आहे, आणि त्याला माणसात रस नाही, कुत्र्यांत आहे. जंगलाच्या कडेला कचरा साचतो, कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे तो येतो. आमच्या सोसायटीत मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतोय, कचरा रोज उचला आणि वाटेवर दिवे ठेवा.

2004 साली इथे हल्ले फार वाढले होते. तेव्हा दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात होते. अनोळखी मुलखात आणून टाकलेलं जनावर सैरभैर होतं. विद्या अत्रेयांनी जुन्नरकडच्या बिबट्यांचा अभ्यास करून तेच मांडलं, की पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, वाढतो. हे लोकांना कळायला हवं, कारण बिबट्या दिसला की अजूनही पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते.

पार्कातल्या वारली पाड्यांवर वाघोबाला पूजतात. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच जंगलात राहिलीत. संध्याकाळनंतर पोरांना एकटं सोडायचं नाही, अंधारात बोलत चालायचं, उजेड हातात ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तुम्हीही तेवढंच पाळा. मुलगा नजरेसमोर हवा, पायवाट सोडून झाडीत शिरायचं नाही, आणि ऊन उतरायच्या आत बाहेर. मुलाला बिबट्या दिसणार नाही हे त्याला आधीच सांगून ठेवा. चिखलात त्याचा ठसा मात्र दिसू शकतो. नखं उमटलेली असतील तर बहुतेक कुत्रा, नसतील तर मांजरकुळातलं कुणीतरी.

शिलोंड्याची वाट सुंदर आहे, पण ती परवानगी घेऊन, पार्काच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे करायची. आईंना घेऊन नको.

सानिका_पार्लेकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना फोनवर वाचून दाखवलं, यज्ञश्री सातकर्णीवर ते अर्धा तास बोलले. सफारी बाद. शेवटचं विचारते, डबा नेला तर चालेल का? आणि पाऊस जोरात असला तर?

मृणाल_काजूपाडा

डबा ने, पण लेण्यांपाशी उघडू नकोस, माकडं हातातून ओढून नेतात. पिशवी दिसली तरी येतात, म्हणून सॅक पाठीला आणि चेन बंद. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेव, स्टीलचा डबा आणि बाटली आण. वर वारली बायका टोपलीत काकड्या, पेरू घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, मीठ-तिखट लावून देतात. घासाघीस करू नका, डोक्यावरून वाहून आणलेलं असतं.

पाऊस जोरात असला तर तीन नंबरपर्यंतच जा. घळीतला ओढा चढला की पलीकडच्या बाजूला जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. तळ गुळगुळीत झालेली चप्पल नको, आईंना पकड असलेले बूट आण. काठी असेल तर सोबत असू दे. आणि वर पोचल्यावर पहिल्यांदा परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घे.