तारण की मोक्ष? सुरुवातीचे ख्रिस्ती ग्रीक तत्त्वज्ञांशी नेमके कशावरून भांडत होते?
(चर्चेचा धागा; प्रत्येक उताऱ्याच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

खडूफळा:
'ख्रिस्ती म्हणजे श्रद्धा, ग्रीक म्हणजे बुद्धी' अशी वाटणी करून हा विषय नेहमी गुंडाळला जातो. मला ती वाटणी अजिबात पटत नाही. पहिल्या तीन शतकांत ठिणगी उडाली ती देहावरून.

प्लेटोचा हिशोब बघा. त्याच्या 'फीड्रस' या संवादात आत्म्याचे पंख झडतात आणि तो देहात येऊन पडतो. पंख पुन्हा फुटायला १०,००० वर्षं. सलग तीनदा तत्त्वज्ञाचं आयुष्य निवडलं तर सवलत, ३,००० वर्षांत सुटका. आत्मा मुळातच अमर, देह ही अडचण आणि सुटायचं ते आपल्याच बळावर. तिसऱ्या शतकातला प्लेटोवादी प्लोटायनस, त्याचा शिष्य पॉर्फिरी गुरुचरित्राची सुरुवातच अशी करतो की देहात असल्याची या माणसाला जणू लाज वाटायची.

आता जस्टिन घ्या. हा दुसऱ्या शतकातला लेखक, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा, ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा न उतरवलेला. १६५च्या सुमारास रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या 'त्रिफोशी संवादा'त एक म्हातारा त्याला अडवतो: आत्मा जगतो तो देवाने जगवला म्हणून, जीवन ही त्याची स्वतःची मालमत्ता नाही. झालं, प्लेटोच्या इमारतीचा पायाच निघाला. आत्मा स्वभावतः अमर नसेल तर देहातून सुटणं म्हणजे निव्वळ मरण. म्हणून पुनरुत्थान हवं, तेही हाडामांसाचं. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन म्हणतो, देह ही तारणाची, म्हणजे उद्धाराची, बिजागरी आहे. अख्खं दार तिच्यावर फिरतं.

उलटतपासणी:
असहमत. टर्टुलियनला साक्षीला बोलावलंत, तर उलटतपासणीही होऊ द्या.

'अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध', म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा ख्रिस्ती श्रद्धेशी काय संबंध, असं विचारणारा हाच गृहस्थ. बिजागरीचं वाक्य ज्या ग्रंथात आहे, त्याच्याच सुरुवातीला 'प्रत्येक आत्मा अमर आहे' हे प्लेटोचं मत तो खुशाल आपल्या बाजूने वापरतो. म्हणजे तुमचा दुसरा साक्षीदार पहिल्याच्या, जस्टिनच्या, विरुद्ध बोलतोय. आत्म्यावरच्या ग्रंथात तर तो स्टोइकांसारखं (हा ग्रीक तत्त्वज्ञांचा आणखी एक पंथ) आत्म्यालाही एक प्रकारचा देहच मानतो आणि आधार घेतो वैद्य सोरेनसचा.

अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विद्वान ओरिजेन, त्याचं काय? त्याच्याकडे जीव देहाच्या आधीपासून होते, देवावरचं प्रेम थंडावलं आणि खाली आले. पंखांची गोष्टच की ही! सम्राट जस्टिनियनने फर्मान काढून हे मत धिक्कारलं ते ५४३ मध्ये, ओरिजेन जाऊन जवळपास तीनशे वर्षं झाल्यावर.

'आपल्याच बळावर' हेही अर्धवट. इआम्ब्लिखस पक्का प्लेटोवादी, पण तो स्पष्ट सांगतो की नुसत्या चिंतनाने कोणी देवांशी जोडला जात नाही. त्यासाठी विधी करावे लागतात, आणि त्यांचं सामर्थ्य देवांकडून येतं. मग दोन पक्ष उरले कुठे?

पाणवठा:
तुम्ही दोघंही ग्रंथांतच अडकलात. 'तारण' मिळायचं कसं, म्हणजे माणसाने नेमकं करायचं काय, ते बघा ना.

रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर घातलेली 'प्रेषितीय परंपरा' ही चर्चच्या नियमांची पोथी उघडा. (नाव त्याचंच का, यावर वाद आहे.) आधी धंद्याची चौकशी. कुंटणखान्याचा मालक, ग्लॅडिएटर, नट यांनी धंदा सोडायचा, नाहीतर दाराबाहेर. मुलांना शिकवणाऱ्यानेही सोडलेलं बरं, कारण अभ्यासात देवदेवतांच्या कथा. दुसरी विद्या येत नसेल तर मात्र चालेल. मग तीन वर्षं शिक्षण, वागणूक चांगली असेल तर त्याहून कमी. शेवटी बाप्तिस्मा: कोंबडं आरवायच्या वेळी पाण्यावर प्रार्थना. कपडे उतरवायचे, बायकांनी केस सोडून दागिनेही काढायचे. सैतानाला नाकारायचं, मग भूत उतरवण्याचं तेल. पाण्यात उभं करून तीन प्रश्न, तीन वेळा 'मानतो', तीन बुडक्या. बाहेर आल्यावर दुसरं तेल, आणि पहिल्या भोजनात भाकरी-द्राक्षारसासोबत दूध-मध.

त्याहून जुनी नियमपुस्तिका 'डिडाखे' अगदी सोयीचं बोलते: वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर कोमट, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आधी एक-दोन दिवस उपास.

समोर इजिप्शियन देवी इसिसची दीक्षा ठेवा. दुसऱ्या शतकातल्या अपुलेयसच्या लॅटिन कादंबरीतल्या ल्युसियसलाही स्नान आहे आणि मांस-मद्य सोडून १० दिवसांचं व्रत आहे. पण खर्च त्याचा त्याने करायचा. रोममध्ये पुढच्या दीक्षेसाठी तर बिचाऱ्याने अंगावरचे कपडे विकले.

माझ्या मते खरा फरक या दारात आहे. इ.स. १८०च्या आसपास ख्रिस्त्यांचा ग्रीक टीकाकार केल्सस याची तक्रार हीच होती: इतर दीक्षांत 'हात स्वच्छ असलेल्यांनी यावं' अशी हाळी देतात आणि हे लोक पापी, अडाणी, चोर यांना बोलावतात! ओरिजेनचं उत्तर: वैद्य आजाऱ्यालाच बोलावतो. दुसरीकडे तो स्वयंपाक्याचा दाखला देतो. अन्न तेच, पण प्लेटोने ते मूठभर चोखंदळांच्या जिभेसाठी रांधलं, आम्ही पंगतीसाठी.

खडूफळा:
दाराचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. पॉर्फिरी नोंदवतो की तो सोबत होता त्या काळात प्लोटायनसला परमतत्त्वाशी एकरूपता चारदा लाभली. पॉर्फिरीला स्वतःला एकदाच, वयाच्या ६८व्या वर्षी. एवढी दुर्मीळ गोष्ट पंगतीत वाढणार कशी?

ओरिजेनबद्दल मात्र माघार. 'ख्रिस्ती' म्हणताना मी जस्टिन आणि दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस ही ओळ धरली होती, ते सांगायला हवं होतं.

उलटतपासणी:
पंगतीत वाढल्यावर काय बिघडलं तेही बघा. बाप्तिस्मा एकदाच, मागची पापं धुतली. पुढच्यांचं काय? हर्मासच्या 'मेंढपाळ' या जुन्या ख्रिस्ती ग्रंथात पश्चात्तापाची फक्त एक संधी आहे. टर्टुलियन तिला जहाज फुटल्यावर हाती लागलेली फळी म्हणतो, आणि फळी एकच. परिणाम सरळ: लोक बाप्तिस्मा लांबवू लागले. कॉन्स्टंटाइनने घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात.

२५०च्या, रोमन सम्राट डेसियसने केलेल्या छळात तर पेचच पडला. देवांना बळी दिल्याचे दाखले अधिकाऱ्यांकडून घेऊन कित्येक जण सुटले आणि नंतर परत आले. घ्यायचं की नाही? रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, नाही, आणि चर्च फुटलं. ज्या तारणाला असे नियम लागतात, ते स्टोइकांच्या रोजच्या आत्मपरीक्षणाहून कमी कष्टाचं कसं?

जुनी वही:
मध्येच तोंड घालते. या धाग्यातला अर्धा घोळ शीर्षकातला आहे. मूळ ग्रीक शब्द 'सोतेरिया'. त्याचा रोजचा अर्थ सुखरूप असणं: वादळातून गलबत किनाऱ्याला लागलं, रोगी वाचला. 'सोतेर' ही पदवी तर पहिल्या टॉलेमी राजालाही होती. मराठी बायबलने 'तारण' घेतलं ते यासाठी चपखल आहे, कारण तारायला बाहेरून कुणीतरी यावं लागतं. (बँकेतलं तारण वेगळं, पण कर्ज आणि सुटका तिथेही आहेच.) 'मोक्ष' म्हटलं की आपण नकळत प्लेटोच्या बाजूला जाऊन बसतो. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी १६१६च्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं, तिथेही हीच ओढाताण आहे.

तेव्हा खडूफळा, देह हा परिणाम झाला. मूळ प्रश्न, तारणारा बाहेरचा की आतला.

उलटतपासणी:
बाहेरचा असेल तर पॉर्फिरीचा प्रश्न टाळता येत नाही: वाट हीच एक, तर ख्रिस्ताआधीच्या असंख्य माणसांचं काय? उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने एका पत्रात उत्तर दिलं की ही वाट मानवजातीच्या आरंभापासून होती आणि जो लायक होता त्याला ती कधीच नाकारली गेली नाही. 'लायक' आला म्हणजे माणसाची स्वतःची कमाई मागच्या दाराने आत आली ना!

जुनी वही:
आली खरी, आणि ते ऑगस्टीनच्याही लक्षात आलं. ४२७च्या सुमारास म्हातारपणी त्याने आपलेच सगळे ग्रंथ तपासायला घेतले, तेव्हा नेमक्या याच शब्दाशी तो थांबला आणि खुलासा जोडला: इथे लायकी म्हणजे स्वतःची पुण्याई धरू नये, ती देवाच्या कृपेने येते.