मदत हवी आहे : सेविकाताईंना शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. औसा तालुक्यातल्या एका अंगणवाडीत चार वर्षांचा मुलगा येतो. बडबडगीत सुरू झालं, टाळ्या वाजल्या की दोन्ही कान झाकून कोपरा धरतो. खिचडीच्या पातेल्याचं झाकण मात्र तासभर फिरवत बसेल! सेविकाताई मनाने चांगल्या, पण त्याला आजीसोबत उंबऱ्यातच बसवतात. "म्याडम, बाकीची पंचवीस लेकरं कोण बघणार?" खोटं नाही ते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉलही आला. बैठकीत सगळं वाचून दाखवलं, ताईंनी माना डोलावल्या, वर्गात बदल शून्य. मग मीच एक दिवस तिथं बसले. टाळ्यांऐवजी बोटं नाचवत गाणं घेतलं, तर पठ्ठ्या सरकत सरकत सतरंजीच्या काठापर्यंत आला.

पण माझ्याकडं अंगणवाड्या बऱ्याच, रोज कुठं कुठं बसू? ताईंना कमीपणा न वाटता, सोबत राहून शिकवण्याची पद्धत कुणी वापरली आहे का? मदतनीसताईंना यात कसं घ्यावं? आणि निदान झालेलं नसताना आईशी बोलायला सुरुवात कशी करता?